घोटीचे न दिसणारे शेजारी

नाशिकहून मुंबईकडे जाणाऱ्या बहुतेकांसाठी घोटी म्हणजे एक टोलनाका. तो ओलांडला की इगतपुरी, मग कसारा घाट, आणि घोटी मागे पडते. महामार्ग सोडून गावात वळणारे थोडेच. जे वळतात त्यांच्या कानी आधी भाताच्या गिरण्यांची घरघर पडते आणि नाकाला तांदळाचा व तुसाचा वास जाणवतो. आसपासच्या पावसाळी पट्ट्यातला भात या बाजारात येतो, भरडला जातो आणि पोत्यांतून शहरांकडे जातो. आपल्या घरी रोज शिजणारा इंद्रायणी कधीतरी याच पेठेतून आलेला असतो.

घोटी नाशिकपासून साधारण पस्तीस-छत्तीस किलोमीटरवर, इगतपुरी तालुक्यात आहे. मध्य रेल्वेच्या वाटेवर घोटीचे स्थानक लागते. गावातून एक रस्ता सिन्नरकडे जातो आणि एक भंडारदऱ्याकडे. आम्ही ऑगस्टमध्ये गेलो ते या दुसऱ्या रस्त्याने. ज़ोहरची नमाज घोटीत अदा केली, बाजारात चहा घेतला आणि डोंगरांच्या दिशेने निघालो.

पाण्यातला रस्ता

घोटी सोडली की दोन्ही बाजूंना भातखाचरे सुरू होतात. आवणी संपून महिना झालेला असतो आणि कोवळ्या भाताचा हिरवा रंग डोळ्यांत मावत नाही. इगतपुरीच्या घाटमाथ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. म्हणूनच या एका तालुक्यात दारणा, भावली, मुकणे, वैतरणा अशी धरणे आहेत. मुंबईच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा काही भाग आणि मराठवाड्याकडे वाहत जाणाऱ्या गोदावरीचा काही भाग याच ढगांतून उतरतो.

पुढे ढग जरा विरळ झाले तर अलंग, मदन आणि कुलंग हे तीन किल्ले दिसतात, आणि त्यांच्या पुढे कळसूबाई. उंची १६४६ मीटर, महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर. त्याच्या पायथ्याचे बारी गाव अकोले तालुक्यात येते, म्हणजे जिल्हा बदलतो. नाशिक संपून अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर जिल्हा लागतो. माणसांनी आखलेली ही रेष डोंगराला ठाऊक नाही आणि डोंगरातल्या जनावरांनाही नाही. इथून पुढे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य पसरले आहे.

या दिवसांत इथे येणाऱ्याला डास भेटतातच. खाचरात साचलेले पाणी, गोठ्याजवळचा चिखल, झाडीतला ओलावा ही त्यांची घरे. दिवसा गुरांच्या पाठीवर गोमाशा बसतात. गुरे शेपट्या मारून थकतात. संध्याकाळी गोठ्यात कडुनिंबाचा पाला जाळून धूर केला जातो. रस्त्याच्या कडेच्या एका घरी आम्ही पावसासाठी थांबलो, तेव्हा तिथल्या आजीबाई असाच धूर करत होत्या. बोलता बोलता बिबट्याचा विषय निघाला. मी विचारले, “तुम्हाला दिसतो का?”

“दिसत न्हाय ताई,” त्या म्हणाल्या. “गावातली कुत्री कमी झाली की समजायचं, आलाय.”

आजीबाईंनी सहज सांगितलेले हे निरीक्षण किती नेमके आहे ते पुढे येईल. पण त्यांच्या उत्तरात एक मोठा प्रश्न दडलेला आहे. जे जनावर दिसत नाही ते आहे हे कळणार कसे? बिबट्याचे एक ठीक, तो कुत्री नेतो, शेळ्या नेतो, आपल्या खुणा ठेवून जातो. पण वाघाटीचे काय? वाघाटी ही जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक. पूर्ण वाढलेली वाघाटी भरते एक ते दीड किलो. ती रात्री हिंडते, माणसाची चाहूल लागताच नाहीशी होते. ऊसतोडीच्या वेळी तिची पिल्ले फडात सापडली की लोक त्यांना बिबट्याची पिल्ले समजून घाबरतात. खवल्या मांजर तर त्याहून गुप्त. दिवसभर बिळात, रात्री मुंग्या-वाळवीच्या शोधात. त्याच्या खवल्यांसाठी त्याची चोरटी शिकार होते आणि गावाला त्याचा पत्ता लागतो तो बहुधा तस्कर पकडले गेल्यावर.

ओळखण्यासाठी मारावे लागे

एके काळी जनावराची नोंद करायची तर त्याला मारावे लागे. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने १९११ मध्ये देशभरातल्या सस्तन प्राण्यांचे सर्वेक्षण सुरू केले. त्यात हजारो प्राण्यांची कातडी आणि कवट्या गोळा झाल्या. त्या काळी दुसरा मार्ग नव्हता आणि त्या कामावर आजचे प्राणिशास्त्र उभे आहे. आपले डॉ. सालिम अली पक्ष्यांचे अभ्यासक झाले ते लहानपणी छर्ऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीमुळे, ही गोष्ट अनेकांना माहीत आहे. त्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ती कोणती, हे विचारायला ते याच सोसायटीत गेले होते.

नंतर पिंजरे आले, बेशुद्ध करणारी सुई आली, गळ्यातला पट्टा आला. जनावर मरत नसे, पण पकडले जाई. मग आपोआप छायाचित्र घेणारे कॅमेरे आले. आता त्याच्याही पुढची एक वाट शास्त्रज्ञांनी शोधली आहे. ज्या डासाला, गोमाशीला, जळवेला आपण चापट मारून झटकतो, तिच्या पोटात शेवटच्या जेवणाचा हिशेब असतो. ते जेवण म्हणजे कुणाचे तरी रक्त. त्या रक्तात त्या जनावराचा डीएनए असतो. तो वाचता आला तर जंगलात कोण राहते हे जनावराला हातही न लावता कळते.

पोटातला हिशेब

हे घडते कसे ते सोप्या शब्दांत सांगते.

डासांत फक्त मादी रक्त पिते, तेही अंड्यांच्या पोषणासाठी. रक्त प्यायलेल्या मादीचे पोट फुगलेले आणि लालसर काळे दिसते. अशा माद्या सापळ्यांतून वेगळ्या काढतात आणि अल्कोहोलमध्ये किंवा गोठवून ठेवतात, म्हणजे डीएनए कुजत नाही. प्रयोगशाळेत पोटातला डीएनए वेगळा करतात. सस्तन प्राण्यांच्या तांबड्या रक्तपेशींत केंद्रक नसते, त्यामुळे त्यांतून डीएनए मिळत नाही. तो मिळतो पांढऱ्या पेशींतून. म्हणजे आधीच थोडा, त्यात डासाच्या पचनाने तुटलेला. म्हणून पीसीआर या पद्धतीने त्याच्या एका ठरावीक तुकड्याच्या लाखो प्रती काढतात. करोनाच्या साथीत घराघरांत पोहोचलेला हा शब्द तोच. मग त्या तुकड्यातल्या अक्षरांचा क्रम वाचून आधीपासून जमवलेल्या संग्रहाशी ताडून पाहतात. जुळला की नाव मिळते: गाय, माणूस, भेकर, रानमांजर.

डासाच्या पोटातले रक्त दोन-तीन दिवसांत पचून जाते. जळवेचे तसे नाही. जळू कीटक नव्हे, ती गांडुळाच्या नात्यातली. पण रक्त पिण्यात ती सर्वांच्या पुढे. एकदा पोटभर प्यायली की कित्येक महिने तिला दुसरे जेवण लागत नाही आणि ते रक्त ती फार हळू पचवते. प्रयोगशाळेत बकरीचे रक्त पाजलेल्या जळवांमध्ये चार महिन्यांनंतरही बकरीचा डीएनए ओळखता आला. जळू फार लांबही जात नाही. त्यामुळे तिच्या पोटातले जनावर त्याच परिसरातले, असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते.

आपल्या युनानी वैद्यकाला जळू नवी नाही. हकीम लोक जळवा लावून दूषित रक्त काढण्याला इर्साल-ए-अलक म्हणतात. इब्न सीना यांच्या ‘अल-कानून’मध्येही जळवांच्या उपचाराची चर्चा आहे. अरबीत जळवेला अलक म्हणतात, आणि आईच्या उदरात चिकटून राहणाऱ्या गर्भाच्या अवस्थेसाठी पवित्र कुरआनने हाच शब्द वापरला. प्रेषितांवर (स.) सर्वांत आधी उतरलेल्या आयती ज्या सूरहमध्ये आहेत, तिचे नावही अल-अलक, आणि त्या आयतींतला पहिला शब्द वाचण्याचा आदेश देणारा. यातून आजच्या विज्ञानाचे दाखले काढत बसणे मला योग्य वाटत नाही. पण ज्या समाजाच्या ग्रंथाची सुरुवात वाचण्याच्या आज्ञेने झाली आणि ज्यात अल्लाहने मच्छराचे उदाहरण द्यायला संकोच केला नाही, त्या समाजाच्या मुलामुलींना डासाच्या पोटातली अक्षरे वाचण्याची विद्या परकी वाटू नये, एवढे मात्र वाटते.

हुसेन खान आणि एक आणा

डासाच्या पोटात डोकावण्याचा इतिहास आपल्याच देशातला आहे. १८९७ मध्ये सिकंदराबादला सैन्यातले डॉक्टर रोनाल्ड रॉस मलेरियाचा माग काढत होते. त्यांच्याकडे हुसेन खान नावाचा मलेरियाचा रुग्ण होता. रॉस यांनी डास पाळले आणि ते हुसेन खानला चावू दिले. प्रत्येक डासामागे त्याला एक आणा मिळाला. २० ऑगस्ट १८९७ रोजी त्यांतल्याच एका डासाच्या पोटाच्या भिंतीत रॉस यांना मलेरियाच्या परजीवीची वाढ दिसली. मलेरिया डासातून पसरतो याचा तो पहिला ठोस धागा. पुढच्या वर्षी कोलकात्यात पक्ष्यांच्या मलेरियावर त्यांनी काम पूर्ण केले, तेव्हा डास सांभाळायला त्यांच्या हाताखाली मुहम्मद बख्श हा मदतनीस होता. १९०२ मध्ये रॉस यांना नोबेल मिळाले. हुसेन खानचे नाव पुस्तकांच्या कोपऱ्यात राहिले. त्याच्या अंगातल्या रक्ताने जगाचे किती जीव वाचवले याचा हिशेब कुणी मांडलेला नाही.

त्यानंतर डॉक्टरांना प्रश्न पडला, की अमुक जातीचा डास नेमके कुणाचे रक्त पितो, माणसाचे की गुराचे? गुरांकडे अधिक वळणारा डास आणि माणसाकडेच येणारा डास यांचा बंदोबस्त वेगळा. म्हणून विसाव्या शतकात डासांच्या पोटातले रक्त कुणाचे हे तपासण्याच्या रासायनिक पद्धती आल्या. आज प्राणिशास्त्रज्ञ तोच प्रश्न उलटा विचारतात. डॉक्टरला डासाची खोड कळून घ्यायची होती, यांना डासाच्या जेवणावरून जंगलातली वस्ती कळून घ्यायची आहे.

व्हिएतनामचे डोंगर

ही पद्धत जगाच्या नजरेत आली ती व्हिएतनाममधल्या जळवांमुळे. व्हिएतनाम आणि लाओस यांच्या सीमेवर अन्नामाइट नावाची डोंगररांग आहे. आपल्या सह्याद्रीसारखीच पावसाची, दाट झाडीची. तिथे १९९२ मध्ये शिकाऱ्यांच्या घरांत टांगलेल्या शिंगांवरून साओला या मोठ्या जनावराचा शोध लागला. तोवर विज्ञानाला ते ठाऊकच नव्हते. त्याचे शेवटचे कॅमेराचित्र २०१३ मधले आहे. त्याच भागातला अंगावर पट्टे असलेला एक ससा १९९०च्या दशकात लाओसमधल्या एका बाजारात, मांसाच्या विक्रीत आढळला. घोटीच्या पेठेत कुणी तांदळाच्या पोत्यातून एखादे नवे जनावर दाखवावे, तसेच म्हणायचे.

२०१२ मध्ये कोपनहेगनच्या शास्त्रज्ञांनी तिथल्या जंगलातून आणलेल्या २५ जळवा तपासल्या. त्यांतल्या २१ जळवांमध्ये सस्तन प्राण्यांचा डीएनए मिळाला. त्यात तो पट्टेरी ससा होता आणि एक दुर्मिळ भेकरही होते. साओला त्या जळवांत नव्हता. पण जे जनावर पाहायला वर्षानुवर्षे झाडीत बसावे लागते, त्याची खूण चिमूटभर जळवांनी दिली.

चीनच्या युनान प्रांतातल्या आइलाओशान अभयारण्यात तर हे काम वनरक्षकांनीच केले. १६३ वनरक्षकांनी आपल्या नेहमीच्या गस्तीत जळवा बाटलीत टाकल्या. एकूण ३०,४६८ जळवा जमल्या. त्यांतून ८६ प्रकारचे कशेरुकी प्राणी ओळखले गेले आणि २०२२ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. रानटी जनावरे उंचावर, माणसांच्या वस्तीपासून दूर अधिक आढळली. खालच्या, पोहोचायला सोप्या भागात गाय, शेळी, मेंढी यांचेच रक्त जास्त. डोंगराच्या पायथ्याशी चरणारी गुरे आणि वरच्या कड्यांतली जनावरे हा घोटीच्या माणसाला ओळखीचा नकाशा आहे.

हिरव्या माशांवरही असेच काम झाले आहे. आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टमध्ये आणि मादागास्करमध्ये मेलेल्या जनावरांवर बसणाऱ्या माशा पकडून, त्यांच्या पोटातल्या डीएनएवरून तिथल्या सस्तन प्राण्यांची यादी काढण्यात आली. आपल्याकडे हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेची वन्यप्राण्यांसाठीची खास प्रयोगशाळा आहे. २००७ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी ती देशाला अर्पण केली. विष्ठा, केस, जप्त केलेले मांस किंवा कातडी यांवरून ते कुणाचे हे ओळखण्याचे काम तिथे होते आणि शिकारीच्या खटल्यांत त्याचा पुरावा म्हणून उपयोग होतो.

डोंगरापलीकडचे अकोले

जनावराला न पकडता त्याला ओळखण्याचे एक मोठे काम घोटीच्या अगदी शेजारी झाले आहे. कळसूबाईच्या पलीकडच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऊस आणि वस्तीच्या पट्ट्यात कॅमेरे लावले. ते जंगल नव्हते. दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात असा तो शेतांचा भाग. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले, आणि तितकेच तरस. घरांच्या मागच्या शेतांत, कालव्याच्या कडेने ही जनावरे रात्री हिंडत होती आणि बहुतेकांना त्याची गंधवार्ताही नव्हती.

मग ते खातात काय? यासाठी विष्ठा गोळा करून तपासली. बिबट्याच्या पोटात गेलेल्या मांसापैकी सुमारे ८७ टक्के पाळीव प्राण्यांचे निघाले, आणि एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. धूर करणाऱ्या आजीबाईंनी कुत्र्यांवरून जे ओळखले होते, तेच शास्त्रज्ञांना विष्ठेत दिसले. गावाचे ज्ञान आणि प्रयोगशाळेचे ज्ञान इथे एकाच जागी येऊन भेटते.

याच भागातून एका बिबट्याने केलेला प्रवासही नोंदलेला आहे. २००९ मध्ये पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वर इथे एक नर बिबट्या विहिरीत पडला. त्याला बाहेर काढून गळ्यात पट्टा बांधला आणि माळशेज घाटात सोडले. वयस्क आणि शांत म्हणून अभ्यासकांनी त्याला ‘आजोबा’ म्हटले. आजोबा चालत निघाला. कसारा परिसरातला रेल्वेमार्ग ओलांडून, सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोहोचला. वाटेत त्याने कुणालाही इजा केली नाही. २०११ मध्ये महामार्गावर गाडीखाली तो मेला, आणि अंगातल्या मायक्रोचिपवरून त्याची ओळख पटली. मुंबईला जाताना कसाऱ्याला गाडी थांबली की मला त्याची आठवण येते.

पिंजऱ्याची किंमत

इथे जनावर ओळखण्याची गोष्ट माणसांच्या जिवाशी येऊन भिडते. नाशिक, अहिल्यानगर आणि पुण्याच्या उत्तर भागात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे गेली आहेत, लहान मुले गेली आहेत. ज्या आईचे मूल गेले तिला डीएनएचे महत्त्व सांगणे क्रूरपणाचे ठरेल. गावाची पहिली मागणी असते ती पिंजऱ्याची, आणि ती समजण्यासारखी आहे.

पण जुन्नरचा अनुभव आपल्यापुढे आहे. २००१ नंतर तिथे बिबटे मोठ्या प्रमाणावर पकडून दूरच्या जंगलांत सोडले गेले. त्यातले अनेक बिबटे ज्या शेतांतून पकडले गेले तिथे माणसांवरचे हल्ले होत नव्हते. ते केवळ दिसले म्हणून धरले गेले. परिणाम उलटा झाला. जुन्नर परिसरात वर्षाला सरासरी चार हल्ले होत, ते या मोहिमेनंतर सतरावर गेले. अनोळखी मुलखात सोडलेले, पिंजऱ्यात जखमी झालेले, घराकडे परत निघालेले जनावर अधिक धोक्याचे ठरू शकते. पकडायचे कुणाला हेच ठाऊक नसेल, तर निरपराध जनावर पिंजऱ्यात जाते आणि ज्याने हल्ला केला ते मोकळे राहते.

मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या स्त्रीची हदीस आपल्या घरांतल्या लहान मुलांनाही माहीत असते, आणि तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याचीही. त्यांचा अर्थ असा नव्हे, की माणसाच्या जिवावर उठलेल्या जनावराला अडवू नये. माणसाचा जीव मोलाचाच. पण अल्लाहच्या एखाद्या मख़लूकला कोंडण्यापूर्वी ती कोण आहे, तिने काय केले आहे, हे जाणून घेण्याची जबाबदारी आपल्यावर येते. जखमेवर राहिलेली लाळ, झाडाला अडकलेला केस, वाटेवरची विष्ठा यांतला डीएनए हल्लेखोर नेमका कोणता हे सांगू शकतो. त्यातून गावाला न्याय मिळतो आणि दुसऱ्या जनावरालाही.

जळू काय सांगत नाही

या पद्धतीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. डासाच्या पोटात बिबट्याचे रक्त मिळाले, तर बिबट्या आहे एवढे कळते, किती आहेत ते कळत नाही. या तपासणीत बहुधा डीएनएचा जो भाग वाचतात तो आईकडून मुलांत जसाच्या तसा उतरतो. त्यामुळे बहीण-भाऊ वेगळे ओळखता येत नाहीत. एकेक जनावर वेगळे मोजायला विष्ठेतला किंवा केसांतला डीएनए अजूनही अधिक उपयोगी पडतो. शिवाय डास उडतो. आज खाचरात पकडलेला डास काल कुठे जेवला हे सांगणे कठीण.

प्रत्येक डासाची आवडही वेगळी. घोटीसारख्या गुरांच्या मुलखात डास पकडले तर बहुतेक पोटांत म्हशीचे आणि माणसाचेच रक्त निघणार. वाघाटीसाठी हजारो डास तपासावे लागतील आणि तरीही ती सापडेलच असे नाही. सापडली नाही म्हणजे ती नाहीच, असेही म्हणता येत नाही. संग्रहात ज्या जनावराचा नमुना नाही त्याचे नावही मिळत नाही. म्हणून शहाणे अभ्यासक डास, जळू, विष्ठा, ठसे, कॅमेरा आणि गावकऱ्यांचे सांगणे हे सारे एकत्र ठेवूनच निष्कर्ष काढतात.

तरीही या पद्धतीत एक मोठी गोष्ट आहे. ज्या जनावराला माणसाची सावलीही नको आहे, त्याला त्याच्या जागी राहू देऊन त्याचा पत्ता लागतो. आणि त्याचा पत्ता लागणे फार गरजेचे आहे. या पट्ट्यातून समृद्धी महामार्ग गेला आहे, धरणे झाली आहेत, डोंगर उतारांवर बंगले आणि हॉटेले उभी राहत आहेत. कोणत्या ओढ्यातून कोणते जनावर जाते हे आधी माहीत असेल, तर रस्त्याखालची वाट योग्य जागी ठेवता येते. माहीत नसेल, तर ते जनावर आपल्याला भेटते ते रस्त्यावर मेलेले.

जायचे असेल तर

पावसाळ्यात घोटीला जाणे सोपे आहे. नाशिकहून एस.टी. आहेत, इगतपुरीहून रिक्षा-जीप मिळतात. भंडारदऱ्याचा रस्ता जुलै ते सप्टेंबर सर्वांत सुंदर. दाट धुक्यात गाडी हळू चालवा. घाटात पुढचे काही दिसत नसेल तर थांबणे बरे. अस्रनंतर लवकर परतीला लागा. संधिप्रकाशात मुलांना झाडीकडे किंवा ओढ्याकडे एकटे सोडू नका. घरापासून दूर शौचाला जावे लागत असेल तर दिवा आणि सोबत घेऊन जा. गावातली माणसे हेच पाळतात.

बाह्यांचे कपडे आणि डासांचे मलम सोबत ठेवा. कुणाला झाडीत जळू लागली तर ओढून काढू नका. नखाने हळूच तोंडाकडून सोडवा आणि जखम स्वच्छ धुवा. तिथून परतल्यावर ताप आला तर डॉक्टरांना प्रवासाची माहिती द्या. डास फक्त जनावराची खबर आणत नाही, मलेरियाही आणतो.

आणि एक शेवटचे, जे कुटुंबांनी विशेष लक्षात ठेवावे. धबधब्यापाशी, धरणाच्या काठावर आपण डबे उघडतो. बिर्याणीची हाडे, उरलेल्या पोळ्या, कागदी ताटे तिथेच टाकून येतो. त्यावर गावातली आणि वाटेवरची कुत्री जमतात. कुत्री वाढली की त्यांच्यामागे बिबट्या येतो, आणि मग तो त्या आजीबाईंच्या अंगणापर्यंत येतो. आपण शहरात परतलेले असतो आणि आपल्या सहलीची किंमत दुसऱ्याच घराने मोजलेली असते. निघताना घरून एक रिकामी पिशवी घेतली आणि हाडांसह सगळे उष्टे त्यात भरून परत आणले, तर घोटीच्या माणसांवर आणि त्यांच्या न दिसणाऱ्या शेजाऱ्यांवर तेवढेच उपकार होतील. पुढच्या सहलीला जाताना ती पिशवी डब्यांच्या आधी गाडीत ठेवा.